हिमालयन: कोनसेट आणि ट्यूब

रॉयल एनफिल्डची पहिली मोटारसायकल 1901 साली इंग्लंडात रेडिचला बनली. मद्रासला बुलेटची जुळणी 1955 मध्ये सुरू झाली. इतिहास एवढा पुरे. याच कंपनीच्या, 2016 साली आलेल्या 411 सीसी हिमालयनवर खराब रस्त्याचा मार बसतो तो कोनसेटला, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या सेटला. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं, तर रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या कड्यांवर, खड्डे पडलेत. मग नट आवळून भागत नाही, अख्खा सेट बदलायचा.

चाकं तारांची, म्हणजे ट्यूब आलीच: पुढे 21 इंची, मागे 17. प्रवासात जादा ट्यूब एकच नेणार असाल तर 21 ची न्या. अडीनडीला ती मागेही चालते. 17 ची पुढे ताणली की फाटते.