दप्तरांच्या चेनपासून कुत्र्यांच्या हार्नेसपर्यंत: आमची वाटचाल

बाबांचं रविवार पेठेत बॅग दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे काय, जुन्या वाड्याच्या जिन्याखाली आठ बाय दहाची जागा, एक पायाने चालवायचं मशीन आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या चेनच्या लडी. जूनमधे दप्तरं, मे महिन्यात ट्रॅव्हल बॅगांची चाकं, आणि पावसाळा सुरू झाला की ट्रेकवाल्या पोरांच्या सॅका. त्यांचे खांद्याचे पट्टे नेहमी एकाच जागी उसवायचे, जिथे पट्टा पाठीला शिवलेला असतो तिथे. बाबा तिथे चौकोन मारून आत फुली घालायचे आणि म्हणायचे, आता सॅक फाटेल पण हा जोड नाही सुटायचा. आमचा सगळा धंदा त्या चौकोनातल्या फुलीवर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल.

मी तेव्हा एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे आणि शनिवार रविवार डोंगरात. सोबत खंड्या. खंड्या म्हणजे आमचा गावठी, अठरा किलोचा, भुरा, एक कान कायम पडलेला. बरेच जण विचारतात कुठल्या ब्रीडचा, मी सांगते पुण्याचा.

२०१६ च्या पावसाळ्यात आम्ही तिकोना किल्ल्यावर गेलो होतो. ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, शेवटच्या पायऱ्या एकदम खड्या आणि उंच आहेत, माणसंसुद्धा बाजूच्या आधाराला धरून चढतात. चढताना खंड्या मजेत गेला, प्रश्न उतरताना आला, कारण कुत्र्याचं पुढचं अंग जड असतं आणि खड्या उतारावर त्याला स्वतःला आवरता येत नाही. तो घसरला, मी साखळी खेचली आणि गळ्यातला पट्टा कानांवरून निघून माझ्या हातात आला. दोन पायऱ्या खाली एका काकांनी त्याला पोटाशी धरलं म्हणून वाचला. त्या काकांना नीट थँक्यू म्हणायचं पण राहून गेलं, पाय इतके लटपटत होते.

घरी येऊन बाबांना सांगितलं तर आधी मलाच बोलणी बसली. मग दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर त्यांनी एका भंगारातल्या सॅकचे पट्टे कापून ठेवलेले. "त्याला गळ्याला धरतेस कशाला, छातीला धर. आणि वर मूठ पाहिजे, सुटकेसला असते तशी." हा आमचा पहिला हार्नेस. दिसायला भयंकर, एक पट्टा निळा एक खाकी, पण पाठीवरच्या त्या मुठीला धरून मी खंड्याला अख्खा उचलून कातळावरून उतरवू शकत होते.

तळजाई टेकडीवर फिरायला यायचे त्यातल्या दोघांनी बघून मागितला, मग चौघांनी, मग कुणीतरी फोटो टाकला आणि एका महिन्यात बावीस ऑर्डरी. मी खुश, बाबा वैतागलेले. त्यांचं म्हणणं लोक दप्तराला पन्नास रुपये द्यायला खळखळ करतात आणि कुत्र्याच्या पट्ट्याला नऊशे देतात, हे टिकणारं नाही.

आणि खरंच पहिला फटका लगेच बसला. मी हुशारी करून बाजारातून स्वस्त प्लास्टिकची बकलं उचलली, दिसायला तशीच होती. एका लॅब्रेडॉरने मांजर बघून झेप घेतली आणि बकल ताडकन तुटलं. नशीब की रस्ता रिकामा होता. त्या लॉटचे चाळीस हार्नेस गेले होते, सगळ्यांना फोन करून परत मागवले, नवीन बकलं आणि कड्या लावून पुन्हा पाठवले, माझ्या पगारातून. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधलं एक बकल बाबा दुकानाच्या छताच्या हुकाला लावून स्वतः लोंबकळून बघतात, वय वर्षं एकाहत्तर, सांगून ऐकत नाहीत. सुती दोराही तेव्हाच बंद केला. पावसात भिजून भिजून तो आतून कुजतो आणि वरून काही कळत नाही.

२०१८ ला नोकरी सोडली आणि सहली सुरू केल्या, कारण गिऱ्हाईकच विचारायला लागले की ताई हार्नेस घेतला, आता न्यायचं कुठे. पहिली सहल राजमाची. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत पंधरा एक किलोमीटरची कच्ची वाट, कडे नाहीत, ओढे आहेत आणि गावात पिठलं भाकरी मिळते. पण गावात शिरताना पहिलं बघायचं ते कोंबड्या आणि शेरडं. आपल्या शहरातल्या बीगलला कोंबडी म्हणजे पळणारं खेळणं वाटतं, आणि त्या घराला ती कोंबडी म्हणजे पैसे. पहिल्याच वेळी दोन कोंबड्यांची भरपाई दिली, आता गावाच्या अर्धा किलोमीटर आधीपासून सगळे साखळीला. गडावरच्या देवळातही कुत्री आत नाहीत. गावच्या एका आजींना मी विचारलं होतं की चालेल का अंगणात बांधली तर, त्या म्हणाल्या दत्ताच्या पायाशी चार असतात, अंगणात बसली म्हणून काय बिघडतंय, पण वाडगा म्हणून घरातलं ताट वापरू नका म्हणजे झालं. इतकं साधं.

आता जे सांगायला आवडत नाही ते. २०१९ च्या मार्चमधे कोरीगड. पेठ शहापूरहून पायऱ्या आहेत, सोपा गड, वर दोन तळी, म्हणून मीच निवडला. पण वर सगळं सपाट पठार, सावली म्हणाल तर नावाला. ग्रुपमधे एक पग होता. मालक म्हणाला रोज दोन किलोमीटर चालतो, मी हो म्हणाले, तिथेच चूक झाली. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकूनच बाहेर जाते. आणि पगचं नाकच इतकं आखूड की त्याला ते नीट जमत नाही. साडेदहाला तो बसला तो उठेचना, हिरड्या लालभडक, लाळ चिकट. पोट, काखा, मांड्या पाण्याने भिजवल्या, टोपीने वारा घातला, आणि माझ्याच ओढणीत घालून आम्ही आळीपाळीने त्याला खाली आणला. डॉक्टरकडे पोचलो तेव्हा ताप एकेचाळीस अंश सेल्सियसच्या वर होता, कुत्र्याचं नॉर्मल अडतीस ते एकोणचाळीसच्या आसपास असतं. वाचला. पण मालकाने पुढे आमच्याबद्दल जे लिहिलं ते मी खोडून काढलं नाही, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं.

त्यानंतर मार्च ते मे सहली बंद. पग, बुलडॉग, शिह त्झू यांना डोंगरावर नाही, फक्त पवना धरणाच्या बाजूला सकाळचं फिरणं. निघायच्या आधी हाताची पालथी बाजू कातळावर सात सेकंद ठेवायची, चटका बसला तर सरळ परत. आपला काळा दगड तापायला वेळ लागत नाही आणि आपल्या पायात बूट असतात.

मग आला लॉकडाऊन. सहली शून्य, पण घराघरात पिल्लं आली आणि हार्नेस इतके गेले की शेजारच्या दोन ताईंना शिवायला घेतलं, त्या अजून आहेत. आज आम्ही पाच जण, दोन मोठी मशीन. बाबांचं पायाचं मशीन अजून कोपऱ्यात आहे, दप्तरं त्याच्यावरच होतात, ते बंद करायला बाबा तयार नाहीत आणि मीही आग्रह करत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती आम्ही जिथे जात नाही त्यावरून. हरिश्चंद्रगडाला का नेत नाही, कळसूबाईला का नाही? कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत हे झालं एक कारण, पण खरं कारण म्हणजे हा सगळा भाग अभयारण्यात येतो. लोक म्हणतात गडावर एवढी गावची कुत्री असतात मग आमच्याने काय होतंय. अहो, २०१८ ला गीरमधे वीसच्या वर सिंह मेले, तपासात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू निघाला, आणि तो कुत्र्यांकडूनही जंगलातल्या जनावरांत जातो. आपल्याकडे बिबटे आहेत. तसंच कोकणात वेळासला कासवांच्या अंड्यांना जाळीत ठेवावं लागतं ते कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून, तिथे थंडी-उन्हाळ्यात मी वीस कुत्री घेऊन जाऊ का? एक मोठा ग्रुप या कारणावरून दुसरीकडे गेला. जाऊदे.

दुसरा नेहमीचा प्रश्न रेल्वेचा. थ्री एसी आणि स्लीपरमधे कुत्रा चालत नाही. फर्स्ट एसीची दोन किंवा चार बर्थची पूर्ण केबिन आपल्या नावावर असली तरच सोबत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. आणि दोनची केबिन मिळाली का ते चार्ट लागेपर्यंत कळत नाही. म्हणून आम्ही आपली टेम्पो ट्रॅव्हलर करतो, मागच्या सीटा काढून गोधड्या टाकतो, नंतर धुवायला ड्रायव्हरला वेगळे पैसे देतो, त्यावाचून कोणी येत नाही.

पावसाळ्यानंतरच्या सहलीत उतरल्यावर अर्धा तास गोचीड बघणं कंपल्सरी. कानात, बोटांच्या मधे, शेपटीखाली. लोक कंटाळतात, चहा थंड होतो, पण टिक फीवरने गेलेली दोन कुत्री आमच्या ओळखीतली आहेत.

त्यातला एक खंड्या. तीन वर्षं होतील. त्याचा तो निळा-खाकी हार्नेस बाबांच्या मशीनवर टांगलाय, नवीन मापं घेताना बाबा अजून त्याच्याशी ताडून बघतात.

सध्या काम चाललंय ते झोळीचं. कोरीगडाच्या त्या ओढणीवरून सुचलेली, तंबूच्या कापडाची, चार मुठींची, जखमी कुत्र्याला दोघांनी उतरवता यावं अशी. चार पायांना चार भोकं ठेवायची की नाही यावर घरात दोन पक्ष आहेत. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की त्यात पंचवीस किलो तांदळाचं पोतं घालून मी आणि बाबा वाड्याचा जिना चढतो-उतरतो, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, तांदूळ आजारी आहेत का गं?