चिप्स गार होतायत

नोव्हेंबर लागला की आमच्या माळ्यावरचा मोठा थर्मास खाली येतो आणि नवरा विचारतो, "आलं का तुमचं डॉक्टरचं स्नेहसंमेलन?" तो स्वतः एक एपिसोड धड बघत नाही, पण गेली कित्येक वर्षं खुर्च्या उचलायला येतो, म्हणून त्याला हे असं विचारायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

तर 'डॉक्टर हू'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, निळ्या पोलीस बॉक्समधून (म्हणजे रस्त्यावरची पोलिसांची जुनी टेलिफोनची खोली) काळात कुठेही हिंडणारा एक परग्रहवासी, मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं आणि नवीन नट येतो, म्हणून ही सिरीयल, मधला बंद पडलेला काळ सोडला तर, १९६३ पासून चालूच आहे. पहिला एपिसोड २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला, आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, बातम्यांच्या गदारोळात कोण बघणार, म्हणून बीबीसीने पुढच्या आठवड्यात तो परत दाखवला. त्या तारखेच्या जवळच्या रविवारी आम्ही वेल्समधल्या कार्डिफचे फॅन लोक एका छोट्या हॉलमध्ये जमतो. ग्रुपला इंग्रजीत नाव आहे, पण मी मंडळच म्हणते, कारण वर्गणीवरून भांडणं, "मी येतोय" म्हणून न येणं आणि शेवटी खुर्च्या उचलायला चारच माणसं, हे सगळं अगदी मंडळासारखंच आहे.

सुरुवातीचं स्वागत, हिशोब, आग लागली तर कुठल्या दारातून पळायचं, क्विझचे नियम, हे सगळं दरवर्षी होतं आणि दरवर्षी मी त्या वेळात आत समोसे गरम करत असते, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. क्विझमध्ये डालेकवरचा, म्हणजे प्लंजरसारखा हात असलेल्या डॉक्टरच्या शत्रूंवरचा, प्रश्न असतोच, आणि त्यांचा लेखक टेरी नेशन आपल्या कार्डिफचा, हे कोणीतरी ओरडून सांगतंच, जसं काही आम्हाला माहीतच नाही.

मला ओढ असते ती त्यानंतरच्या कार्यक्रमाची. त्याला आम्ही 'माझा पहिला डॉक्टर' म्हणतो. जो नवीन आलाय त्याने उठून सांगायचं की तुझा पहिला डॉक्टर कोण, आणि तेव्हा तू कुठे होतास, घरात कोण होतं. लोक डॉक्टरबद्दल बोलायला उठतात आणि दोन मिनिटांत घरातल्या सोफ्याबद्दल, आजोबांबद्दल, बंद पडलेल्या खाणीबद्दल बोलायला लागतात. मी दरवेळी रडते. मागच्या रांगेतली पोरं माझ्याकडे बघून हसतात, हसू देत.

माझं स्वतःचं असं की मी लग्न करून २००५ च्या फेब्रुवारीत इथे आले, कोणी ओळखीचं नाही, पाऊस थांबत नाही. २६ मार्चला शनिवारी संध्याकाळी टीव्ही लावला तर दुकानातले पुतळे जिवंत होऊन काच फोडून बाहेर येतायत आणि मी किंचाळलेच, कारण ते क्वीन्स आर्केड होतं, त्याच सकाळी मी तिथून छत्री घेऊन आले होते! सिरीयलमध्ये ते लंडन म्हणून दाखवत होते पण मला कळलं ना. पंधरा वर्षांहून जास्त बंद पडलेली सिरीयल त्या दिवशी परत सुरू झाली होती हे मला नंतर कळलं, मला तेव्हा एवढंच वाटलं की या गावात आपल्याला ओळखीची एक जागा तरी आहे. आणि १९६३ चा तो पहिला एपिसोड ज्यांनी दिग्दर्शित केला ते वारिस हुसेन जन्माने लखनौचे, हे मी माझ्या भाषणात दरवर्षी सांगते. दरवर्षी. सगळ्यांना पाठ झालंय, तरी सांगते.

२०१८ ला फाळणीवरचा एपिसोड आला होता, डॉक्टरची सोबतीण यास्मिन, तिच्या आजीच्या तरुणपणी, १९४७ च्या पंजाबात डॉक्टर (तेव्हा डॉक्टर बाई होती) जाते तो, त्याच्या शेवटी नेहमीचं संगीत पण आपल्याकडच्या गळ्यातून गायलेलं होतं. त्या वर्षी एक पंजाबी आजोबा नातीबरोबर आले. नात बोलायला उठली तर तिला खाली बसवून स्वतः उठले, म्हणाले, मी पहिल्यांदाच पाहिलं हे, आमचं शेत पण असंच होतं. आणि बसले. पुढे ते कधी आले नाहीत, पण त्या वर्षी क्विझ झालीच नाही, कोणाला करावीशीच वाटली नाही.

पण खरा माणूस म्हणजे टेपवाले काका. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मला ते जमत नाही, माझ्यासाठी ते काकाच. १९६७ मध्ये ते नऊ वर्षांचे होते, व्हिडिओ वगैरे काही नव्हतं, एकदा लागलेला एपिसोड गेला की गेला. म्हणून ते टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डरचा माइक धरून बसायचे आणि घरातल्यांनी गप्प बसायचं असा हुकूम. अशी पोरं इंग्लंड-वेल्सभर होती, आणि बीबीसीने पुढे किती तरी जुने एपिसोड पुसून टाकले तेव्हा आवाज जो उरला तो या पोरांच्या टेपांमुळेच. काकांकडे सायबरमेनच्या, म्हणजे अर्धयंत्र झालेल्या शत्रूंच्या, थडग्याच्या गोष्टीचा तिसरा भाग होता. बरीच वर्षं ती गोष्ट हरवलेली, काका एकदम व्हीआयपी. मग नव्वदीच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये तिची सगळी रिळं सापडली, चारही भाग, चित्रासकट. काका म्हणतात, हाँगकाँगने माझा भाव पाडला.

तरी ते टेप आणतातच. रिळावरून कधी तरी कॅसेटवर उतरवलेली, कव्हरवर निळ्या पेनने तारीख. त्या भागात डॉक्टर रात्रीच्या पहाऱ्याच्या वेळी आपल्या सोबतच्या मुलीशी, व्हिक्टोरियाशी, आपल्या गेलेल्या घरच्यांबद्दल हळू आवाजात बोलतो, सगळ्या सिरीयलमध्ये तो असं फार क्वचित बोलतो. आणि काकांच्या टेपवर बरोबर तिथे, डॉक्टरच्या वाक्याच्या मधोमध, लांबून स्वयंपाकघरातून आवाज येतो, "ते बंद कर आता, चिप्स गार होतायत!" आणि मग नऊ वर्षांच्या काकांचं "श्शूऽऽ!" बस, एवढंच. काका टेप थांबवतात, चष्मा पुसतात, म्हणतात, ही माझी आई.

आता यंदाचं, म्हणजे २०२५ चं. मे महिन्यात सीझन संपला तो डॉक्टर झालेल्या शूटी गाटवाचं शरीर बदलून एकदम बिली पायपर, जी पूर्वी डॉक्टरची सोबतीण होती, आणि तिच्या नावापुढे 'डॉक्टर' असं लिहिलेलंच नाही! त्यावर पोरांनी पाच महिने डोकं खाल्लं. मग ऑक्टोबरमध्ये बीबीसीने सांगितलं की भागीदार असलेली डिस्ने कंपनी आता सोबत नाही, २०२६ च्या ख्रिसमसला एक स्पेशल येईल. झालं, लगेच काही लोकांचे चेहरे पडले. सिरीयलच्या साठाव्या वर्षी जुना डॉक्टर डेव्हिड टेनंट परत आला होता तेव्हा हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती, दारात सेल्फी चालले होते. यंदा २३ तारीख नेमकी रविवारी आली, चाळीस खुर्च्या मांडल्या, भरल्या एकोणीस. ग्रुपवर अंगठे एकतीस. मी मोजलेत. सीझन नाही तर यायचं कशाला असं एकाने लिहिलंय, त्याला मी उत्तर दिलं नाही, पण आमच्यातली जुनी माणसं १९८९ ते २००५ मध्ये एक टीव्ही सिनेमा सोडला तर काहीही नसताना दर नोव्हेंबरला भेटत होती, कधी कधी पबमध्ये तिघंच.

काकांची पाळी आली. टेप लावली आणि प्लेअरने ती खाल्ली. डॉक्टर बोलायला लागला, मग आवाज जाड होत होत घोगरा झाला आणि खट्ट. बाहेर काढली तर रिबीन चिमटल्यासारखी लोंबतेय. काका नुसते बघत राहिले. कोणालाच काही सुचेना, मी तर समोशाचा ट्रे घेऊन तशीच उभी. आणि मागच्या रांगेतून, ज्या पोरांना मी हसणारी म्हटलं त्यांच्यातलंच एक, अगदी त्याच सुरात म्हणालं, "ते बंद कर आता..." आणि अख्खा हॉल, एकोणीसच्या एकोणीस, "चिप्स गार होतायत!" काकांनी ओठांवर बोट ठेवलं. श्शूऽऽ.

आता आभार, कोणी राहिलं तर मला रात्री झोप लागत नाही. हॉलची किल्ली देणारे वॉचमन, ज्यांनी हीटर तासभर आधी लावला. जुना डॉक्टर टॉम बेकर घालायचा तसा लांबलचक स्कार्फ विणून लकी ड्रॉला देणाऱ्या आजी, त्यांनी यंदा गुडघा दुखत असताना विणलाय. ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांवर डालेक बनवणारे दादा, आणि त्यांच्या मिसेस, ज्यांच्या बाथरूमचा प्लंजर दर नोव्हेंबरला गायब होतो. प्रोजेक्टरवाला, जरी तो उशिरा आला तरी. व्हेगन केक आणणारी, नॉन-व्हेगन केक आणणारी, दोघींचाही केक संपला होता हे मी मुद्दाम लिहितेय. लहान मुलांना सांभाळणारी कॉलेजची पोरगी. नवरा. आणि ती दहा वर्षांची मुलगी जिने कॅसेट आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, मी तिला पेन्सिल कशी घालायची ते दाखवलं आणि ती कोपऱ्यात बसून अर्धा तास, न कंटाळता, रिबीन सरळ करून आत गुंडाळत राहिली. चालेल की नाही कोण जाणे. काकांना मी दरवर्षी सांगते मोबाईलवर कॉपी करून घ्या, ऐकत नाहीत.

पुढच्या वर्षी तेवीस सोमवारी येतेय म्हणून २२ नोव्हेंबर, रविवार, दुपारी दोन, हॉल बुक झालाय. ख्रिसमस स्पेशलच्या महिनाभर आधी, त्यामुळे आता गर्दी होईलच, तेव्हा अंगठा पाठवणाऱ्यांनी समोसे किती लागतील तेही कळवा.