‘पुढे जा’वर अडलेली माणसं: एका युजेबिलिटी स्टडीचा माझा अनुभव

डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायच्या आमच्या अ‍ॅपमध्ये लोक वेळ निवडायच्या स्क्रीनपर्यंत सुरळीत यायचे आणि तिथूनच निघून जायचे. अ‍ॅनालिटिक्समध्ये हे लख्ख दिसत होतं. का जातात, ते मात्र त्यात दिसणं शक्य नव्हतं. टीममध्ये प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. डिझायनरला कॅलेंडर बदलायचं होतं, डेव्हलपरच्या मते पान उघडायला वेळ लागत होता, आणि प्रॉडक्ट मॅनेजरचं म्हणणं होतं, “एक सर्व्हे टाकू या, लोकांनाच विचारू.” काम माझ्याकडे आलं. तोपर्यंत मी सीनियर रिसर्चरच्या युजेबिलिटी सेशनमध्ये, म्हणजे लोक वापरताना कुठे अडतात ते समोर बसून पाहायच्या बैठकीत, नोट्स घ्यायचे. प्लॅनपासून रिपोर्टपर्यंत सगळं एकटीने निभावण्याची ही पहिलीच वेळ.

सर्व्हेला मी नकार दिला, पण नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडलेला एक प्रयोग मी मीटिंगमध्ये सांगितला. दुकानातल्या टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडलेले. लोकांनी त्यातला सर्वांत चांगला निवडायचा आणि कारण सांगायचं. चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरी उजव्या टोकाचा जोड डाव्या टोकाच्या जवळजवळ चौपट लोकांनी उचलला. कारणं विचारल्यावर एकानेही जागेचा उल्लेख केला नाही. माणसं खोटं बोलत नव्हती, आपण असं का केलं हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. मग महिन्याभरापूर्वी अर्धवट सोडलेल्या बुकिंगचं कारण सर्व्हेच्या रकान्यात कुणी काय लिहिणार? ‘वेळ नव्हता’ लिहील, फार तर ‘अ‍ॅप ठीक आहे’. सर्व्हे वाईट असतो असं नाही. आधीच माहीत असलेली अडचण किती जणांना येते हे मोजायला तो उत्तम. अडचण कोणती हेच जिथे माहीत नाही, तिथे तो आंधळा.

त्यानंतर सगळ्यांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला: “या स्टडीतून काय कळलं तर तुम्ही काय बदलाल?” हा प्रश्न मी सीनियरकडून उचललाय आणि मला तो सगळ्यात कामाचा वाटतो. ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याला रिसर्च नको असतो, आपल्या मतावर शिक्का हवा असतो. या बोलण्यातून दोन प्रश्न पक्के झाले. वेळ निवडताना लोकांना नेमकं काय ठरवायचं असतं? आणि ते ठरवायला लागणारी कुठली माहिती स्क्रीनवर नाही? ‘लोकांना नवं कॅलेंडर आवडेल का?’ हा प्रश्न मी यादीतून काढून टाकला. आवडीचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस सौजन्याने ‘हो’ म्हणतो आणि आपण खूश होऊन घरी जातो.

पद्धत ठरवणं त्यामानाने सोपं होतं. सुरुवातीला छोटी मुलाखत, मग चालत्या अ‍ॅपवर समोर बसून टास्क, म्हणजे करून दाखवायचं एखादं काम. मुलाखतीत ‘तुम्ही सहसा अपॉइंटमेंट कशी घेता?’ असं विचारायचं नाही, कारण ‘सहसा’चं उत्तर माणूस आदर्श वागणुकीतून देतो. ‘शेवटची अपॉइंटमेंट घेतलीत तेव्हा काय झालं, पहिल्यापासून सांगा’ असं विचारायचं. प्रत्यक्ष घडलेल्या एका प्रसंगाला धरून माहिती काढायची ही रीत जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक म्हणून मांडली, आणि ती अजूनही तितकीच चालते.

मग आला तो नेहमीचा वाद: माणसं किती? ‘पाच पुरतात’ हे वाक्य आमच्या धंद्यात इतकं घासलंय की त्यामागचं गणित कुणी बघत नाही. नील्सन आणि लॅन्डॉवर या युजेबिलिटी संशोधकांनी 1993 मध्ये बऱ्याच स्टडींचे आकडे तपासले. एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी उघड करतो, असं त्यांना दिसलं. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे 85 टक्के सापडतात. पण ती सरासरी आहे. एखादी अडचण दहातल्या एकालाच येत असेल, तर पाच माणसांत ती एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम 41 टक्के. शिवाय पाच म्हणजे एका प्रकारचे पाच. आमच्याकडे सरळ दोन प्रकार होते: स्वतःसाठी बुक करणारे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बुक करणारे. म्हणून प्रत्येक गटात पाच घेतले. आधी एवढ्यांत काय दिसतं ते पाहायचं, दुरुस्ती करायची, मग पुन्हा नव्या माणसांवर तपासायचं. एकदाच पन्नास जणांना बसवण्यापेक्षा हे बरं.

माणसं मिळवणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण आहे आणि त्यावर कुणी लिहीत नाही. स्क्रीनर, म्हणजे निवडीची प्रश्नावली, अशी असावी लागते की आपल्याला कोण हवंय याचा वाचणाऱ्याला पत्ता लागू नये. ‘तुम्ही ऑनलाइन अपॉइंटमेंट घेता का?’ असं विचारलं की मानधनासाठी सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी ‘गेल्या सहा महिन्यांत फोनवरून यांपैकी काय काय केलंत?’ आणि खाली तिकीट, वीजबिल, विमा, अपॉइंटमेंट, किराणा अशी मिसळ. सॉफ्टवेअर किंवा जाहिरात क्षेत्रातले लोक बाजूला काढले. तरीही ठरवून न येणारे असतातच, म्हणून दोन राखीव माणसं सांगून ठेवली होती. एका सेशनला ती लागलीही.

टास्क लिहिताना एक पथ्य पाळलं: स्क्रीनवरचा एकही शब्द टास्कमध्ये नको. बटणावर ‘स्लॉट निवडा’ असेल आणि टास्कही ‘स्लॉट निवडा’ म्हणत असेल, तर माणूस शब्दाला शब्द जुळवतो. ती परीक्षा अ‍ॅपची राहत नाही. माझा मुख्य टास्क असा होता: ‘तुमच्या आईचे गुडघे दुखताहेत. तिला या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचंय. दुपारी तुम्हाला कामावरून निघता येत नाही. फोनवरून सोय करा.’ टास्क देताना मी कागद वाचून दाखवायचे आणि तो त्यांच्याच हातात ठेवायचे, म्हणजे मध्येच ‘काय करायचं होतं?’ म्हणून माझ्याकडे बघायची वेळ येत नाही. सगळं आधी अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्यावर पायलट, म्हणजे रंगीत तालीम, करून पाहिलं. त्यात वेळेचा अंदाज आला आणि मुलाखतीतले दोन प्रश्न गळाले.

संमतिपत्र एका पानाचं, साध्या भाषेत. काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, केव्हा पुसणार, आणि कधीही उठून जाता येईल, मानधन तरीही मिळेल. हे वाचायला लावून नुसती सही घेत नाही, तोंडी सांगते. ‘तपासणी अ‍ॅपची आहे, तुमची नाही’ हे वाक्यही प्रत्येकाला म्हणते. अडलं की माणसं लगेच ‘मलाच जमत नाही’ म्हणतात, म्हणून ते आधी सांगितलेलं बरं.

आता सेशन. इथे करायचं असं की काहीच करायचं नाही, आणि तेच जमत नाही. समोरचा माणूस अडलाय, उत्तर आपल्याला माहीत आहे, जीभ वळवळतेय. एक साठीच्या आसपासच्या बाई वेळ निवडायच्या स्क्रीनवर आल्या. सकाळची साडेनऊची वेळ निवडली. खाली ‘पुढे जा’ हे मोठं निळं बटण. अंगठा त्यावर नेला आणि तसाच हवेत धरला. मग मागे गेल्या, डॉक्टरांचं पान वरपासून खालपर्यंत सरकवलं, परत आल्या, पुन्हा तीच वेळ निवडली, पुन्हा अंगठा बटणावर आणून थांबल्या. मला म्हणाल्या, “हे दाबलं की पैसे कापले जातील का हो?”

या प्रश्नाला उत्तर दिलं की सेशन संपलं. मी म्हटलं, “तुम्हाला काय वाटतं?” त्या जरा हसल्या. मी गप्प राहिले. शांतता चांगलीच लांबली. मग त्या बोलायला लागल्या: दाबलं आणि पैसे गेले, आणि आई त्या दिवशी नाही म्हणाली, तर परत कोण देणार? म्हणून आधी फी कुठे लिहिलीय ते त्या शोधत होत्या. “नाहीतर मी फोनच करते, फोनवर कळतं तरी.” डेव्हलपर शेजारच्या खोलीत हे लाइव्ह बघत होता. कॅलेंडर आणि पानाचा वेग हे दोन्ही विषय त्या दिवशी आपोआप मागे पडले.

मोठ्याने विचार करायला लावायची पद्धत, थिंक अलाउड, क्लेटन लुईस यांनी 1982 मध्ये आयबीएममध्ये असताना इंटरफेसच्या तपासणीसाठी मांडली. त्यामागे एरिक्सन आणि सायमन या संशोधकांचं काम आहे. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: मनात चाललंय ते माणूस बोलून दाखवू शकतो, पण कारणमीमांसा करायला लावली की त्याचं विचार करणंच बदलतं. म्हणून टास्क चालू असताना मी ‘का?’ विचारत नाही. ‘आता काय चाललंय मनात?’ एवढंच, आणि तेही माणूस फार वेळ गप्प झाला तरच. ‘का’ टास्क संपल्यावर.

शेवटी सगळ्यांकडून एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) भरून घेतला, मॅनेजरला आकडा हवा होता म्हणून. जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये तयार केलेली ही दहा वाक्यांची प्रश्नावली. एक सरळ वाक्य, एक उलटं, आणि ते किती पटतं त्याला एक ते पाच गुण. सरळ वाक्याच्या गुणातून एक वजा, उलट्याचे गुण पाचातून वजा, बेरजेला अडीचने गुणायचं, की शंभरपैकी गुण मिळतात. ही टक्केवारी नव्हे. साधारण 68 ही सरासरी धरतात. गंमत अशी की त्या बाईंनी अ‍ॅपला भरपूर गुण दिले. बुकिंग पूर्ण झालंच नव्हतं, तरी “छान आहे हो अ‍ॅप” म्हणून गेल्या. रिपोर्टमध्ये मी तो आकडा आणि त्यांची क्लिप मुद्दाम शेजारी ठेवली.

विश्लेषण करताना नोट्सबाबत मी फार कडक असते. ‘गोंधळली’ ही नोट माझ्या लेखी रद्द. ती नोट घेणाऱ्याचं मत आहे. ‘बटणावर अंगठा नेला, थांबली, मागे गेली, फी शोधली’ ही नोट. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. मग भिंतीवर चिठ्ठ्या लावायच्या आणि एकमेकींच्या जवळच्या वाटतील तशा सरकवत राहायच्या. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची ही केजे पद्धत. तिचा नियम असा की गटांची नावं आधी ठरवायची नाहीत, गट बनू द्यायचे, नाव मागून. टीमला घेऊन बसले तेव्हा डिझायनरने पहिल्याच मिनिटाला ‘कॅलेंडर’ असा मथळा लिहून चिकटवला. मी तो काढून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, शेवटी लागला तर लावू. लागला नाही. जो गट सगळ्यात मोठा झाला त्यात पैसे, रद्द करणं आणि ‘घरी विचारून सांगते’ या चिठ्ठ्या एकत्र आल्या. घरच्यांसाठी बुक करणारी माणसं त्या स्क्रीनवर वेळ निवडत नव्हती, ती तात्पुरती धरून ठेवू बघत होती. त्याची सोयच नव्हती.

रिपोर्ट छोटा ठेवला. टक्केवारी कुठेही लिहिली नाही. दहा माणसांत ‘सत्तर टक्के’ लिहिणं ही फसवणूक आहे, ‘दहापैकी सात’ असं लिहायचं. मीटिंगमध्ये प्रश्न आलाच, “फक्त दहाच लोक?” मी म्हटलं, किती जणांना ही अडचण येते ते मी सांगत नाहीये. ती आहे आणि अशी घडते, एवढं सांगतेय. किती जणांना, ते बघायला आता तुमचा सर्व्हे टाकू. मॅनेजर खूश झाला.

‘पुढे जा’च्या जागी ‘वेळ निवडा, पैसे नंतर’ आलं आणि फी त्याच स्क्रीनवर दिसू लागली. ही दोन कामं लगेच झाली. नव्या माणसांवरच्या फेरीत बटणावरची घुटमळ कमी झाली, पण ‘घरी विचारून सांगते’ तसंच राहिलं. वेळ धरून ठेवायची सोय द्यायची तर डॉक्टरांच्या बाजूचं वेळापत्रक बदलावं लागतं, आणि त्यांच्या बाजूने आम्ही अजून कुणाशीच बोललेलो नाही. पुढच्या स्टडीचा स्क्रीनर सध्या त्यासाठीच लिहितेय: रिसेप्शनवर बसणारी माणसं हवी आहेत, आणि या वेळी त्यांना आमच्याकडे बोलवायचं नाही, त्यांच्या टेबलाशेजारी जाऊन बसायचंय.