न्हावा शेव्याच्या फाटकातून द्राक्षांचा कंटेनर नेताना

द्राक्षबागायतदाराला रोटरडॅमचा भाव आणि ग्रेप गार्डची (खोक्यात ठेवायच्या बुरशीरोधक कागदाची) किंमत तोंडपाठ असते. मात्र ज्या बंदरातून त्याचा माल परदेशी जातो, तिथे कंटेनर कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात जातो, हे त्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही. २०२४ च्या हंगामात दिंडोरी तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने माल निर्यातदाराला न विकता स्वतःच्या नावाने पाठवायचे ठरवले आणि कागदपत्रे व वाहतूक ही दोन्ही कामे माझ्याकडे आली. त्या कामाच्या निमित्ताने मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराचा कारभार जसा मला दिसला तसा इथे मांडत आहे. आमच्यासारख्या इतर गटांना त्याचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बंदराआधीचे टप्पे बहुतेकांना माहीत आहेत, म्हणून ते थोडक्यात सांगतो. आयात-निर्यात कोड, अपेडाची (शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेची) नोंदणी, परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या आपल्या बँकेचा एडी कोड कस्टम्सकडे नोंदवणे, ग्रेपनेट या निर्यातक्षम बागांच्या ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंद, प्रयोगशाळेने स्वतः येऊन घेतलेल्या नमुन्याचा उर्वरित अंश (रसायनांचे मालात राहिलेले प्रमाण) अहवाल आणि पॅकहाउसमधील तपासणीनंतर मिळणारे फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचे, प्रमाणपत्र, हे सर्व वेळखाऊ असले तरी त्यात संदिग्धता फारशी नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हापासून या तपासण्यांना कोणीही हलके समजत नाही, आणि समजूही नये.

कंटेनरबाबत एक गोष्ट आधी नीट ध्यानात घेतली पाहिजे, ती अशी की रीफर, म्हणजे शीतयंत्र असलेला, कंटेनर माल थंड करत नाही, तो थंड मालाचे तापमान राखतो. द्राक्षे प्रीकूलिंगमध्ये गाभ्यापर्यंत गार झाल्यावरच ती आत भरायची असतात. गरम घड भरून यंत्रावर भरवसा ठेवला, तर खोक्यांत पाणी सुटते आणि पुढे समुद्रात माल कुजतो. आमच्या चाळीस फुटी कंटेनरच्या भिंतीवर आतून एक लाल रेघ होती. तिच्यावर एकही खोका जाता कामा नये, कारण गार हवा खालच्या खाचांच्या फरशीतून वर येऊन त्या मोकळ्या जागेतून परत यंत्राकडे जाते. माल भरून झाल्यावर दाराशेजारच्या खोक्यांत तापमान नोंदवणारा लॉगर ठेवला, कस्टम्सने मान्य केलेले इलेक्ट्रॉनिक सील आणि शिपिंग लाइनचे सील अशी दोन्ही सिले लावली आणि वजनकाट्यावर कंटेनरचे एकूण वजन केले. हे वजन, ज्याला सगळे व्हीजीएम म्हणतात, १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचे आहे. ते कळवल्याशिवाय कंटेनर बोटीवर चढत नाही, कारण कोणता डबा कुठल्या थरात ठेवायचा याचा हिशोब त्याच आकड्यावर बेतलेला असतो.

आता बंदराकडे वळतो. माझ्या मनात बंदर म्हणजे एक फाटक आणि एक साहेब असे चित्र होते. प्रत्यक्षात न्हावा शेवा बंदर ज्याच्या अखत्यारीत येते ते जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण मुख्यतः जमीनमालकासारखे काम करते: जमीन, रस्ते, बोटींसाठी खोल केलेली वाट आणि बोटींना धक्क्यापर्यंत आणणारे पायलट यांची जबाबदारी त्याच्याकडे असते, आणि कंटेनर हाताळणारी टर्मिनले वेगवेगळ्या खासगी कंपन्यांना दीर्घ मुदतीने चालवायला दिलेली आहेत. मुंबई बंदरावरचा ताण कमी करण्यासाठी हे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल १९९९ मध्ये इथेच चालू झाले. आज इथून वर्षाला सत्तर लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी मापाचे डबे, ये-जा करतात. प्रत्येक टर्मिनलचे फाटक वेगळे, यार्ड वेगळे, संगणक प्रणाली वेगळी. त्याखेरीज कस्टम्स केंद्र सरकारचे, सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय दलाची, बोट शिपिंग लाइनची, ट्रेलर वाहतूकदाराचा आणि या सर्वांमध्ये आपल्या वतीने धावपळ करणारा सीएचए, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणारा एजंट. यातला प्रत्येक जण आधीच्याचा कागद बरोबर असेल तरच डबा पुढे घेतो. म्हणून कोणत्याही क्षणी आपला कंटेनर कोणाच्या ताब्यात आहे आणि पुढचा माणूस कोणत्या कागदाची वाट पाहतो आहे, एवढे दोन प्रश्न निर्यातदाराला विचारता आले पाहिजेत.

आम्ही माल पॅकहाउसमध्येच भरून सील केला होता, त्यामुळे तो सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) उतरवून पुन्हा भरण्याची गरज नव्हती. थेट बंदरप्रवेशाच्या सोयीखाली ट्रेलर सरळ बंदराकडे नेता येतो. नाशवंत मालासाठी ही सोय फार मोलाची आहे. मात्र तिचा लाभ वेळ साधला तरच होतो, आणि वेळ ठरते ती बोटीवरून. प्रत्येक बोटीसाठी टर्मिनल दोन वेळा जाहीर करते. फाटक केव्हा उघडणार ही पहिली आणि केव्हा बंद होणार ही दुसरी; बोलण्यात त्यांना गेट ओपन आणि कट-ऑफ म्हणतात. आधी पोहोचलेला कंटेनर आत घेत नाहीत, कारण यार्डात जागा आणि रीफरसाठी विजेचे प्लग मोजके असतात; उशिरा पोहोचलेला पुढच्या बोटीवर जातो.

त्या हंगामात बोटींची वेळापत्रके पार विस्कटली होती. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाल्याने बहुतेक मोठ्या लाइनींनी सुएझचा मार्ग सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला होता. युरोपचा प्रवास त्यामुळे दहा-बारा दिवसांनी किंवा त्याहूनही अधिक लांबला, भाडे वाढले, आणि बोटी ठरल्या दिवशी येईनाशा झाल्या. आमच्या बोटीची गेट ओपनची वेळ पॅकिंग चालू असतानाच दोनदा बदलली. तेव्हा पॅकहाउसमधल्या शीतगृहातच पॅलेट थांबवून ठेवण्याचा निर्णय आम्ही घेतला, आणि तो योग्य होता असे माझे ठाम मत आहे. माल जितका वेळ आपल्या शीतगृहात थांबेल तितका बरा, रस्त्यावर थांबलेला कंटेनर केवळ जेनसेटच्या, म्हणजे ट्रेलरवरच्या डिझेल जनरेटरच्या, भरवशावर असतो.

कसारा घाट, भिवंडी, शीळफाटा, कळंबोली असा मार्ग घेत आम्ही संध्याकाळी निघून मध्यरात्रीनंतर उरणच्या रस्त्याला लागलो. ठाणे परिसरात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, हे धरूनच निघण्याची वेळ ठरवावी लागते. वाटेत जासई लागते. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या पट्ट्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. बंदरासाठी शेव्याच्या लोकांना मूळ गाव सोडून नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाड्यात जावे लागले. आम्ही शेतकरी आपला माल ज्या धक्क्यावरून पाठवतो, तो दुसऱ्या शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या जमिनीवर उभा आहे, याची जाणीव मला त्या रस्त्यावर प्रकर्षाने झाली.

ट्रेलर प्रथम पार्किंग प्लाझामध्ये गेला. तिथेच कस्टम्सचा कक्ष आहे. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचे निर्यातीचे घोषणापत्र, सीएचएने आधीच ऑनलाइन भरले होते. जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीने आमचा कंटेनर उघडून तपासण्यासाठी निवडला नव्हता. इलेक्ट्रॉनिक सील वाचून, ते शाबूत असल्याची खात्री करून अधिकाऱ्यांनी लेट एक्स्पोर्ट ऑर्डर दिली. सगळे ज्याला एलईओ म्हणतात तो हाच कागद. कायद्याच्या दृष्टीने माल देशाबाहेर नेण्याची परवानगी इथे मिळते. इतकी सुटसुटीत पद्धत सरकारी कामात मी क्वचितच पाहिली आहे.

अडचण त्यानंतर आली. बोट ठरलेल्या टर्मिनलऐवजी शेजारच्या टर्मिनलला लागणार असल्याचा संदेश पहाटे लाइनच्या एजंटकडून आला. कस्टम्सच्या दृष्टीने न्हावा शेवा हे एकच ठाणे असल्याने आमचे शिपिंग बिल बदलावे लागले नाही, परंतु फाटकावर लागणारा फॉर्म थर्टीन, म्हणजे टर्मिनलचा प्रवेशपत्र, मात्र रद्द झाला, कारण तो त्या त्या टर्मिनलच्या प्रणालीतून निघतो आणि त्यावर बोट, तिच्या त्या फेरीचा व्हीआयए क्रमांक, वजन, सील, रीफरचे तापमान हे सर्व नोंदलेले असते. नवा फॉर्म निघेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता, आणि नेमक्या त्याच वेळी ट्रेलरचा जेनसेट बंद पडला.

कंटेनरच्या पुढच्या बाजूला एक लहानसा पडदा असतो. त्यावर आम्ही ठेवलेले तापमान उणे अर्धा अंश, आत जाणाऱ्या हवेचे तापमान वेगळे आणि मालावरून फिरून परत येणाऱ्या हवेचे वेगळे दिसते. महत्त्वाचा आकडा हा शेवटचा. जेनसेट बंद पडण्यापूर्वी तो शून्याच्या आसपास होता. यंत्र बंद झाले तसा पडदाही विझला आणि आत काय चालले आहे हे कळायला मार्ग उरला नाही. ड्रायव्हरभाऊ अनुभवी होते. मी दाराकडे वळलो तसे ते म्हणाले, “दादा, दार, सील कशालाच हात लावू नका. डबा बंद आहे तोवर गारवा टिकतो.” त्यांनी डिझेलचा फिल्टर काढून कचरा साफ केला, वाहतूकदाराचा मेकॅनिक तासाभराने आला आणि जेनसेट पुन्हा सुरू झाला. पडदा उजळला तेव्हा परतीच्या हवेचा आकडा तीन अंशांच्या जवळ होता, आणि तो हळूहळू खाली उतरताना पाहत आम्ही तिघेही तिथेच उभे राहिलो.

नवा फॉर्म थर्टीन मिळाला, तोही फाटकावर अडला. फाटकावर कंटेनर तपासणाऱ्या सर्वेअरने टॉर्च लावून लाइनचे सील वाचले आणि फॉर्मवरील क्रमांकात एक अंक वेगळा असल्याचे दाखवले; घाईत टंकताना तो चुकला होता. कंटेनरच्या क्रमांकात असे सहसा होत नाही, कारण चार अक्षरे आणि सात अंकांच्या त्या क्रमांकातला शेवटचा अंक आधीच्या सर्वांवरून गणिताने काढलेला असतो आणि टंकनातली चूक संगणकाच्या लगेच लक्षात येते. सिलाच्या क्रमांकाला असे संरक्षण नाही. म्हणून सील लावताच त्याचा जवळून फोटो काढून सीएचए, लाइन आणि ड्रायव्हर अशा तिघांना पाठवावा, असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो. आमच्याकडे तो फोटो होता, त्यामुळे एजंटने प्रणालीत दुरुस्ती थोड्या वेळात करून दिली आणि ट्रेलर कट-ऑफच्या आत फाटकातून गेला.

आत आपल्याला जाता येत नाही. पुढचे मी ड्रायव्हरभाऊंकडून ऐकले: यार्डातल्या क्रेनने डबा उचलून रीफरच्या रांगेत ठेवला आणि तिथल्या इलेक्ट्रिशियनने प्लग जोडून तापमान लिहून घेतले. तिथून पुढे ताबा टर्मिनलचा, आणि डबा बोटीवर चढल्यानंतर लाइनचा. बोट सुटल्यावरही निर्यातदाराचे काम संपत नाही. लाइनच्या एजंटने कस्टम्सकडे ईजीएम, म्हणजे बोटीवर नेमके काय चढले त्याची यादी, बरोबर दाखल केली का हे पाहावे लागते. त्यात आपला कंटेनर सुटला किंवा क्रमांक चुकला, तर कस्टम्सच्या नोंदीत निर्यात पूर्ण होत नाही आणि तिच्यावरचे लाभ अडकतात. बिल ऑफ लेडिंग (माल बोटीवर घेतल्याचा लाइनचा कागद) आणि फायटोचे मूळ प्रमाणपत्र बोटीच्या आधी खरेदीदाराकडे पोहोचवणे हेही आपल्याच अंगावर असते.

केपचा वळसा घालून कंटेनर रोटरडॅमला पोहोचल्यावर खरेदीदाराने लॉगरचा आलेख पाठवला. पार्किंगमधल्या त्या पहाटेचा उंचवटा त्यात स्पष्ट दिसत होता. त्याखेरीज संपूर्ण प्रवासात रेषा सरळ होती आणि मालाबाबत तक्रार आली नाही. तो आलेख आम्ही वाहतूकदारासमोर ठेवला आणि पुढच्या कंटेनरपासून करारात दोन अटी घातल्या: निघण्यापूर्वी जेनसेट भारासह चालवून दाखवायचा, आणि बंदराच्या परिसरात मेकॅनिक रात्रभर उपलब्ध ठेवायचा. भाडे थोडे वाढले, पण संचालक मंडळाने ते एकमताने मंजूर केले.