निळा खोका, आजींचा ट्रे आणि चकोल्यांसारखी मॅकरोनी

आमच्या स्वयंपाकघराच्या खालच्या कपाटात चार-पाच निळे खोके कायम असतात. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला राहायला आलो त्या वर्षी लेक शाळेत जाऊ लागली आणि पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आई, मला पण ती केशरी मॅकरोनी दे ना डब्यात." केशरी मॅकरोनी म्हणजे मॅक अँड चीज. तिकडून फोनवर हमखास विचारलं जातं, "तिथली मुलं खातात तरी काय?" त्याचं उत्तर बऱ्याच घरांत हेच आहे, आणि त्याच्यावर लिहायचं माझ्या मनात फार दिवसांपासून होतं.

आधी खोक्याबद्दल. हलवला की आतल्या बारीक नळ्यांचा खुळखुळ्यासारखा आवाज होतो. आत 206 ग्रॅमचा ऐवज: सुकी मॅकरोनी आणि चीजच्या भुकटीची एक पुडी. मॅकरोनी सात-आठ मिनिटं उकळायची, निथळायची, त्याच गरम पातेल्यात चार चमचे लोणी आणि पाव कप दूध घालून वर पुडी रिकामी करायची. ढवळताना सुरुवातीला पिवळ्या गाठी दिसतात, जीव थोडा खाली-वर होतो, आणि मग अचानक सगळं एकजीव होऊन प्रत्येक नळीला तुकतुकीत केशरी रंग चढतो. माझी लेक काट्याच्या चारही दातांत एकेक नळी ओवते आणि मगच घास तोंडात घालते. तिच्या वर्गातली मुलंही असंच खातात म्हणे.

हा खोका क्राफ्ट कंपनीने 1937 साली बाजारात आणला. मंदीचे दिवस होते. एकोणीस सेंटमध्ये चौघांचं जेवण, हे त्याचं मोठं आकर्षण, आणि पहिल्याच वर्षी 80 लाख खोके खपले. पुढे दुसऱ्या महायुद्धात मांस, लोणी, चीज रेशनवर आलं तेव्हा रेशनच्या एका पॉइंटवर दोन खोके मिळायचे. अमेरिकेतल्या एका पिढीची आई या खोक्यावर घर चालवत होती, म्हणून त्याला नावं ठेवताना मला जड जातं. अजून एक गोष्ट तुम्हाला आवडेल. 2016पासून त्यातला कृत्रिम रंग काढून टाकला आहे, आणि आता तो केशरी रंग येतो पॅप्रिका, शेंद्रीच्या बिया आणि आपली हळद यांच्यातून. चेडर चीजला केशरी रंग द्यायला शेंद्री इकडे फार पूर्वीपासून वापरतात. हळद मात्र लेबलवर वाचली तेव्हा मी दुकानात दोन मिनिटं तशीच उभी राहिले.

वर्षभर खोका झाल्यावर मला वाटलं, घरी करावी. पांढरा सॉस आपल्याला शाळेपासून येतो, त्यात चीज घालायचं, झालं. मोठ्या आचेवर सॉस रटरटत होता, त्यात मी पिशवीतलं तयार किसलेलं चीज एकदम ओतलं. दोन मिनिटांत तूप वेगळं आणि खाली रबरासारखे तुकडे. आई व्हिडिओ कॉलवर होती. ती म्हणाली, "अगं, कढी फुटते तशी फुटली. गॅस बंद करून मग घालायचं."

आईने मॅकरोनी आयुष्यात केलेली नाही, पण बोट बरोबर जागेवर ठेवलं. चीजमध्ये प्रथिनांची जाळी असते, कॅल्शियमने बांधलेली, आणि त्या जाळीत स्निग्धांश अडकलेला असतो. उष्णता जास्त झाली की जाळी आवळते आणि स्निग्धांश बाहेर पडतो. मैदा मध्ये असला की पिठाचे कण फुगून प्रथिनांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाहीत. कढीला आपण बेसन लावतो ते काम हेच. पण आच बेसुमार असेल तर मैदाही पुरा पडत नाही. खोक्याच्या पुडीत हे काम फॉस्फेटचे क्षार करतात. ते कॅल्शियमला बाजूला ओढतात, जाळी सैल होते आणि पाणी, प्रथिनं, तूप एकत्र नांदतात. टिकाऊ प्रक्रिया केलेल्या चीजचं पेटंट जेम्स क्राफ्टने 1916 साली घेतलं होतं. आपल्याकडे सँडविचमध्ये घालतो ते चौकोनी वड्यांचं चीजही याच जातीचं. किसलेल्या चीजच्या पिशवीत तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज घातलेलं असतं, त्यामुळे ते नीट वितळत नाही. आता मी वडीच आणते आणि ऐनवेळी किसते.

माझी घरची मॅकरोनी आता अशी होते: पाव किलो मॅकरोनी थोडी कच्चट उकळून घ्यायची. तीन चमचे लोण्यात तीन चमचे मैदा मंद आचेवर परतायचा, कच्चा वास गेला की अडीच कप कोमट दूध थोडं थोडं घालत गुठळ्या मोडायच्या. दाटसर झालं की गॅस बंद. मग चिमूटभर मोहरीची पूड, मीठ, आणि 200 ग्रॅम जुनं, झणझणीत चेडर मूठमूठ घालून ढवळायचं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा हीच केली. त्या शाकाहारी, म्हणून लेबलं वाचायला शिकले. इथे चीजवर बऱ्याचदा नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असतं, ते कशातून काढलं ते सांगत नाहीत. 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन रेनेट' असं लिहिलेलं बघून घ्यावं (रेनेट म्हणजे चीजसाठी दूध साकळवणारं एन्झाइम). अस्सल पार्मिजानो-रेजानो हे इटालियन चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय होतच नाही, हे इकडे येणाऱ्या प्रत्येक शाकाहारी माणसाला माहीत असायला हवं.

इतकं जमल्यावर मला वाटलं होतं की मला मॅक अँड चीज येते. मग शेजारच्या आजींनी थँक्सगिव्हिंगला, इकडच्या नोव्हेंबरातल्या मोठ्या सणाला, बोलावलं.

आजी सत्तरीच्या पुढच्या, कृष्णवर्णीय, तीन पिढ्या रिचमंडमध्ये. टेबलावर टर्की होती, रताळी होती, पालेभाजी होती, पण लोक घरात शिरता शिरता विचारत होते एकच, "मॅकरोनी कोणी केली?" आजींनी केली म्हटल्यावर चेहरे निवांत झाले. त्या घरात हा पदार्थ वाटेल त्याला करू देत नाहीत. त्यांच्या सुनेला लग्नानंतर नवव्या वर्षी परवानगी मिळाली, तीही छोट्या ट्रेपुरती. आपल्याकडे पुरणाला सोवळ्यात हात कोणी लावायचा हे ठरलेलं असायचं, तसाच तो मान.

ट्रे ओव्हनमधून निघाला तेव्हा कडेने चीज बुडबुडत होतं आणि वर तपकिरी, खरपूस थर आलेला. आजींनी चमचा घातला तर तो थर कुरकुरत फुटला. आत सॉस नव्हता. मॅकरोनीच्या नळ्या एकमेकींना धरून होत्या, खरवसासारखं मऊ काहीतरी मध्ये, आणि चीजच्या तारा. त्यांच्या पद्धतीत मैदा नाही. आटवलेलं डब्यातलं दूध आणि फेटलेली अंडी, तीन प्रकारचं चीज हाताने किसलेलं, थरावर थर, वरून पॅप्रिका, आणि 350 फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण 180 सेल्सिअसला भाजायचं. मैद्याचं काम इथे अंडी करतात. कोपऱ्यातली खरवड कोणाला, यावर मोठ्या माणसांत बाचाबाची झाली. आजींनी एक कोपरा काढून माझ्या लेकीच्या ताटात वाढला. मी त्यांना विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात. "आईकडे. ती तिच्या आईकडे. त्याच्या मागचं बघायचं असेल तर मॉन्टिचेलोला जाऊन ये," त्या म्हणाल्या.

मॉन्टिचेलो आमच्याकडून गाडीने सव्वा तासावर. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं डोंगरमाथ्यावरचं घर. मॅकरोनी अमेरिकेत त्यांनी आणली असं सर्रास सांगतात. त्यांना तिचा नाद होता हे खरं. मॅकरोनी काढायच्या यंत्राचं त्यांच्या हातचं रेखाटन आजही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. पण रांधणारे हात जेम्स हेमिंग्जचे. हेमिंग्ज जेफरसनच्या मालकीचा गुलाम, आणि जेफरसनच्या पत्नीचा सावत्र भाऊ सुद्धा, कारण दोघांचा बाप एक. 1784 साली जेफरसन पॅरिसला गेले तेव्हा एकोणीस वर्षांच्या जेम्सला स्वयंपाक शिकायला सोबत नेलं. तिथे तो राजघराण्यातल्या आचाऱ्याच्या हाताखालीही शिकला आणि पुढे जेफरसनच्या पॅरिसमधल्या घराचा मुख्य आचारी झाला. परत आल्यावर जेफरसनने त्याला 1793 साली लिहून दिलं की दुसऱ्या कोणाला ही कला शिकव, मग तुला मोकळं करतो. त्याने आपल्या भावाला, पीटरला शिकवलं, आणि 1796 साली सुटला. जाण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांची यादी त्याने स्वतःच्या अक्षरात केली, ती यादी शिल्लक आहे. 1801 साली तो वारला, पस्तीस-छत्तीस वर्षांचा. मॅकरोनीची त्याच्या हातची कृती मात्र उरलेली नाही.

मॉन्टिचेलोच्या स्वयंपाकघरात कमरेइतक्या उंचीचा विटांचा ओटा आहे, त्यात कोळशाच्या शेगड्या ओळीने बसवलेल्या. आपल्या चुलीला वैल असतो, मंद आचेचं काम त्यावर होतं. इथे प्रत्येक शेगडीत कोळसा कमी-जास्त करून आच वेगवेगळी ठेवता यायची. दूध-लोण्याचे नाजूक सॉस उघड्या जाळावर होत नाहीत, त्यांना अशीच आच लागते. मी त्या ओट्यापाशी उभी राहिले आणि माझा फुटलेला सॉस आठवला. ज्या माणसाने हे सगळं दुसऱ्याच्या पंगतीसाठी जमवलं, त्याला पॅरिसमध्ये मुख्य आचारी झाल्यावर मोबदला मिळत होता आणि तरी तो स्वतःचा नव्हता. मला तिथून हलवेना.

1802 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांकडे जेवायला आलेल्या मनॅसा कटलर नावाच्या खासदाराने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की मॅकरोनी नावाचा एक 'पाय', म्हणजे पिठाच्या आवरणात भरून भाजलेला पदार्थ, वाढला होता. त्याला तो कांद्याचा वाटला, आवडला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या सचिवाने, मेरिवेदर लुइसने, त्याला सांगितलं की हा इटालियन पदार्थ आहे आणि यात कांदा नाही. बावीस वर्षांनी, 1824 साली, मेरी रँडॉल्फ यांच्या 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ' या पाकपुस्तकात मॅकरोनीची कृती छापून आली. दूध-पाण्यात मऊ उकळायची, चीज आणि लोण्याचे थर द्यायचे, भाजायची. बस. या बाई रिचमंडमध्येच खाणावळ चालवत, आणि त्यांच्याही घरी राबणारे हात गुलामांचे होते. आजींच्या ट्रेमधले थर आणि या पुस्तकातले थर शेजारी ठेवले की साखळी दिसते.

त्याच्याही मागे जायचं तर इंग्लंडमध्ये. एलिझाबेथ रॅफाल्ड यांनी 1769 सालच्या आपल्या पाकपुस्तकात मॅकरोनीला साय आणि मैद्यात घोळवलेलं लोणी लावून वर पार्मेझान दिलं आहे, म्हणजे माझ्या पांढऱ्या सॉसची पणजीच. सगळ्यात जुनी मला सापडली ती 1390 च्या सुमाराची, राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांच्या 'द फॉर्म ऑफ क्युरी' या संग्रहात. क्युरी म्हणजे स्वयंपाक, आपल्या करीशी संबंध नाही. पदार्थाचं नाव 'मॅकरून्स'. कणकेची पातळ पोळी लाटा, तुकडे कापा, उकळत्या पाण्यात सोडा, आणि खाली-वर किसलेलं चीज आणि लोणी.

वाचतानाच हात ओळखीचा वाटला. मैदा भिजवला, पोळपाट-लाटणं काढलं, पातळ लाटून सुरीने शंकरपाळ्यांसारखे तुकडे केले आणि उकळत्या पाण्यात सोडले. वर तरंगले की झाऱ्याने काढून चीज आणि लोण्याचे थर दिले. सॉस असा काही होतच नाही, लोणी आणि चीज वाफेनेच तुकड्यांना धरतं. गरम असताना फार चांगलं लागतं, गार झालं की दगड. लेकीने एक तुकडा उचलून बघितला आणि म्हणाली, "आई, ही तर चकोली आहे. वरण कुठंय?"

तिघांत चांगली कोणती, असं विचारलंत तर मी आजींचा ट्रे म्हणेन, त्यात शंका नाही. पांढऱ्या सॉसची रोजच्या रात्रीला बरी. खोक्याची तुलना मी या दोघींशी करणं सोडलं आहे. मॅगीची तुलना कोणी हातशेवयांशी करत नाही.

सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या चकोल्या डब्यात घालून मी आजींकडे नेल्या. त्यांनी दोन खाल्ल्या, नीट चावून. "मीठ कमी आहे. पण लाटलंस छान," म्हणाल्या. काल त्यांचा निरोप आला आहे: या थँक्सगिव्हिंगला बुधवारी संध्याकाळीच ये, चीज किसायला, आणि तुझी किसणी घेऊन ये. अडीच किलो किसायचं आहे.