एक कडुलिंब, वीस मिनिटं: समुपदेशनात निसर्ग वापरण्याचा माझा अनुभव

"रोज जरा बागेत फिरून या" एवढं सांगून पेशंटला घरी पाठवलं, की तो कानात इयरफोन घालून चार फेऱ्या मारतो आणि तेच विचार घेऊन परत येतो. डर्बी विद्यापीठाचे माइल्स रिचर्डसन निसर्गाशी जोडलं जाण्याच्या पाच वाटा सांगतात: संवेदना, भावना, सौंदर्य, अर्थ आणि करुणा. किती पावलं चाललात, हे त्यात कुठेच नाही. म्हणून मी फिरवत नाही, एका झाडापाशी थांबवते.

बैठक ५० मिनिटांची. पहिली १० खोलीत. त्रास ० ते १० मध्ये किती, तो आकडा लिहून घ्यायचा. मग २० मिनिटं झाडाखाली. उरलेल्या २० मध्ये परत खोलीत येऊन पुन्हा आकडा, आणि बोलणं. डोळे मिटायला लावत नाही. पॅनिकचा त्रास असलेल्याने डोळे मिटले की छातीची धडधडच मोठी होते. आधी कान: सगळ्यात लांबचा आवाज कोणता, जवळचा कोणता. मग हात: कडुलिंबाच्या सालीतल्या भेगा, डिंकाचा चिकट थेंब, वर चढणारी मुंगळ्यांची रांग. पाडव्याच्या सुमारास मोहोराचा वास आयताच मिळतो. "कसं वाटतंय?" हा प्रश्न टाळते, "काय दिसतंय?" विचारते. डिप्रेशनमध्ये छान वाटतच नसतं. वाटायला हवं होतं असं आपण सुचवलं, की अपराधीपणाच वाढतो.

झाड निवडण्याआधी विचारून घ्यावं. चिंचेखाली किंवा पिंपळाखाली संध्याकाळी बसायला आपल्याकडे कितीतरी जण घाबरतात, आणि ते हसण्यावारी नेलं की पुढची बैठक गेलीच म्हणून समजा. जागेत गाजरगवत असेल तर दम्याच्या आणि त्वचेच्या ॲलर्जीच्या पेशंटला तिथे नेऊ नये. आमच्या सोलापुरातल्या कंबर तलावावर पक्षी छान दिसतात, पण सकाळी ओळखीचं माणूस भेटणारच. तेव्हा काय म्हणायचं, ते दोघांनी आधी ठरवावं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत सिद्धेश्वर तलावाचा नाद सोडावा. मनात आत्महत्येचे विचार असतील तर कुठलाच तलाव नको.

सोलापुरात खरी अडचण उन्हाची. लिथियम चालू असेल तर घाम आणि कमी पाणी यांमुळे औषधाची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. ॲमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल यांनी घाम कमी येतो, अंग तापत जातं. क्लोरप्रोमाझिनवर असलेल्यांची कातडी उन्हात लवकर भाजते. म्हणून मार्च ते जून औषधांची यादी पाहिल्याशिवाय बाहेर काढत नाही. त्यात गार वेळ पहाटेची, आणि डिप्रेशनच्या बऱ्याच पेशंटना सकाळच सगळ्यात जड जाते! अशांना उन्हं कलल्यावर बोलावते. तेही जमत नसेल तर खुर्ची खिडकीशी. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये मांडलंच होतं, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा जोरदार वेदनाशामकं कमी लागली.

घरी करायला कुंडीतलं रोप देणं मी बंद केलंय. रोप वाळलं की "माझ्या हातून काहीच जगत नाही" हे पेशंटला पक्कंच होतं. त्याऐवजी मेथी. एक चमचा दाणे रात्रभर भिजवायचे, तळाला भोकं पाडलेल्या डब्यात दोन इंच मातीवर पसरायचे, वरून माती भुरभुरायची. नळाला रोज पाणी नसतं, तर तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. पण फक्त शिंपडायचं. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. बहुतेकांचं चुकतं ते जास्त पाणी घालण्यात: दाणे कुजतात, आंबूस वास सुटतो. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, आणि दुसऱ्या खेपेसाठी आणखी एक चमचा मेथी पुडीत बांधून सोबत देते.