खासदारांच्या कुत्र्यांचा मेळावा: चेहरे नको, लीश बघा

लंडनमध्ये बिग बेनसमोर फोटो काढून सगळे परत फिरतात. तारीख जुळत असेल, तर तसंच पुढे चालत संसदेच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथे व्हिक्टोरिया टॉवर गार्डन्समध्ये ‘वेस्टमिन्स्टर डॉग ऑफ द इयर’ ही खासदारांच्या कुत्र्यांची स्पर्धा भरते. खासदार आपापली कुत्री घेऊन हिरवळीवर उतरतात. केनेल क्लब (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) आणि डॉग्ज ट्रस्ट (बेघर कुत्र्यांना घर शोधून देणारी संस्था) १९९२ पासून ती मिळून भरवत आल्या आहेत. बागेत रोदँचं ‘बर्गर्स ऑफ कॅले’ हे शिल्प आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या एमेलिन पँखर्स्टचा पुतळाही आहे. ते निवांत बघायचे असतील तर दुसऱ्या दिवशी या, गर्दीत जमत नाही.

मला हा मेळावा आवडतो, कारण इथे वंशावळ चालत नाही आणि पक्षही चालत नाही. संस्थेतून दत्तक आणलेलं मिश्र जातीचं कुत्रं लॅब्रेडॉरच्या शेजारी त्याच मानाने उभं असतं. परीक्षक खासदारांशी बोलतात आणि लोकही ऑनलाइन मत देतात.

खटकतो तो फोटोग्राफरांचा घोळका. बाग नदी आणि रस्ता यांच्यामध्ये चिंचोळी, त्यात कॅमेरेवाले अर्धवर्तुळ करून गुडघ्यावर बसतात आणि लेन्स थेट कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. कुत्र्याच्या भाषेत एकटक रोखलेली नजर म्हणजे धमकी. मग ते वारंवार ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, मान वळवतं आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. शेपूट पोटाखाली जाण्याआधीच्या या खुणा आहेत. नवखा मालक नेमका याच वेळी लीश (गळपट्ट्याला लावलेली दोरी) आखडून धरतो. ताण गळ्यापर्यंत पोहोचतो, कुत्र्याला मागे सरकता येत नाही, आणि मग ते भुंकतं किंवा समोरच्या कुत्र्यावर झेपावतं. लोक त्याला रागीट ठरवतात. खरं तर त्याला फक्त जागा हवी असते.

जाणता मालक ओळखू येतो. त्याच्या हातात दीड-दोन मीटरची साधी लीश असते, आपोआप लांबणारी नव्हे. ती दोघांमध्ये सैल, झोळ पडलेली असते. तो स्वतः कुत्रा आणि कॅमेरा यांच्यामध्ये उभा राहतो, दर थोड्या वेळाने कुत्र्याला बाजूला नेऊन जमीन हुंगू देतो, पाणी पाजतो. फ्रेंच बुलडॉग, पग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची तर जास्तच काळजी घ्यावी लागते. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, आणि यांची श्वासाची वाटच अरुंद असते. घरघर वाढली की फोटो थांबवून सावली गाठायची.

२०२१ चा निकाल मात्र आजही गलबलून टाकतो. साउथएंड वेस्टचे खासदार सर डेव्हिड एमेस यांनी व्हिव्हियन या फ्रेंच बुलडॉगसह नाव दिलं होतं. १५ ऑक्टोबरला मतदारांना भेटत असताना त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात स्पर्धा झाली आणि व्हिव्हियन जिंकली. प्राण्यांसाठी सतत बोलणाऱ्या माणसाला लोकांनी मतं देऊन निरोप दिला.

हे नुसतं कौतुक नाही, कारण कुत्र्यांचे कायदे पलीकडच्याच इमारतीत होतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून आठ आठवड्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप सक्तीची झाली. २०२० च्या ‘लुसीज लॉ’ने सहा महिन्यांखालची पिल्लं दलालामार्फत विकायला बंदी आणली. २०२१ मध्ये क्रौर्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर गेली. खासदार भेटलाच तर ‘किती गोड’ म्हणून थांबू नका, पपी फार्मबद्दल, म्हणजे नफ्यासाठी वाईट अवस्थेत पिल्लांची पैदास करणाऱ्या ठिकाणांबद्दल विचारा.

तुमच्यासोबत कुत्रं असेल, तर भुयारी रेल्वेत नेता येतं. पण सरकत्या जिन्यावर ते उचलूनच घ्यावं लागतं, कारण पायरी संपते त्या फटीत पंजे अडकतात. मोठं कुत्रं असेल तर वेस्टमिन्स्टर स्टेशनची लिफ्ट धरा आणि तेवढा वेळ हाताशी ठेवा.